चार बिऱ्हाडांचा मेन

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा विजेचा दिवा घरात असणं मला नवीन होतं. माहेरी खेडच्या पुढं कंदील आणि चिमण्या. सासर निघोज्याचं, तिथंही तेच. पण हे औषधाच्या कारखान्यात लागले होते आणि निघोज्याहून रोज सायकल मारणं पाळीच्या कामात जमेना, म्हणून स्टेशनच्या अंगाला एका शेतकऱ्यानं बांधलेल्या रांगेत आम्ही बिऱ्हाड केलं. मालकानं आपलं जुनं खळं मोडून तिथं ही रांग उठवली होती. चार बिऱ्हाडं, प्रत्येकाला पुढं एक खोली आणि मागं स्वयंपाकघर. सगळ्यांच्या पुढून एक लांब पडवी. पडवीच्या टोकाला लाकडी फळीवर मीटर, आणि त्याच्याखाली लोखंडी पेटीचा मेन, सगळी वीज चालू-बंद करायची दांडी असलेला. चौघांना मिळून तो एकच.

आमच्याबरोबर माझ्या सासूबाई राहायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. जमीन थोरल्या दिरांकडं होती, तिथं हातांची वाण नव्हती, म्हणून त्या धाकट्याकडं आल्या. वीज त्यांना मानवली नाही. दिव्याचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. संध्याकाळ झाली की मला म्हणायच्या, "लाव ग तुझी ईज." जणू ती मी माहेराहून आणली होती.

घरात दिवे दोन. पुढच्या खोलीतला भिंतीवर, आणि स्वयंपाकघरातला तुळईवरून पीळ घातलेल्या वायरीनं खाली सोडलेला. प्लग एकच, पुढच्या खोलीत, दाराशेजारी जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्याचं काळं तोंड आम्ही यायच्या आधीच तडकलेलं होतं. त्यात काही घातलं की सैल बसायचं आणि आत चरचरायचं. त्यामुळं आम्ही तो वापरतच नव्हतो.

मग ह्यांनी इस्त्री आणली. देहूरोडला ह्यांच्या ओळखीतल्या एकाची बदली झाली, तो सामान काढत होता, त्याच्याकडून घेतली. चांगली जड, लाकडी मुठीची, विजेवरची. मला तिचं अप्रूप होतं. कोळशाच्या इस्त्रीनं मी एकदा ह्यांचा सदरा जाळला होता. पण ही इस्त्री लावायची कुठं? प्लग तर मोडका. तेव्हा एक सोय मिळायची. दिवा काढायचा आणि होल्डरमध्ये त्याच्या जागी एक प्लग अडकवायचा, त्याला इस्त्रीची वायर. पुष्कळ घरांत तसं करत. आम्हीही स्वयंपाकघरातला दिवा काढून त्या होल्डरवर इस्त्री चालवायला लागलो. दिव्यासाठी घातलेली ती बारीक वायर इस्त्रीचा भार कसा पेलेल, हा विचार आमच्या कुणाच्या मनात आला नाही.

एका एकादशीला मी कपडे घेऊन बसले होते. आत्याबाई पुढच्या खोलीत जपमाळ घेऊन होत्या. त्या एकदम उठून आत आल्या.

"कुनी बोंबील भाजलं ग?"

"नाही हो आत्याबाई."

"मग वास कसला? आज एकादस हाय."

वास मलाही आला. खरंच सुक्या मासळीसारखा. आम्ही शेजारच्या बिऱ्हाडाकडं बघून आलो, तिथं चूलही पेटलेली नव्हती. परत आलो तर होल्डरमधून बारीक धूर निघत होता. मी बटण बंद केलं आणि इस्त्री भिंतीशी ठेवली. वर हात लावायची हिंमत नव्हती.

हे पहिल्या पाळीवरून आले. होल्डर गार झाल्यावर त्यांनी प्लग काढून आत पाहिलं. आतलं सगळं करपून फुगलं होतं. वास त्याचाच. वायरीवरचं सुती वेष्टणही वरच्या बाजूला तांबूस झालं होतं.

"बदलायला पाहिजे," ते म्हणाले. "आणि हा खालचा प्लगही. एकदाच दोन्ही उरकून टाकू."

"वायरमनला बोलवा की."

"त्यात काय आहे? आमच्या खात्यात रोज बघतो मी. दोन वायरी, दोन स्क्रू."

सुट्टीच्या दिवशी ते पुण्याला जाऊन बुधवार पेठेतून पितळी होल्डर, नवा प्लग आणि थोडी वायर घेऊन आले. यायला दुपार टळून गेली. मी म्हटलं उद्या करा, पण हातात नवी वस्तू असली की त्यांना धीर निघत नसे. पडवीच्या टोकाला जाऊन त्यांनी मेनची दांडी खाली ओढली. सगळ्या रांगेचे दिवे गेले, पण अजून उजेड होता आणि लोक बाहेरच होते. कुणी काही विचारलं नाही, ह्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात चहाच्या पेटीचं खोकं पालथं घालून ते वर चढले. जुना होल्डर कापून काढला. जळलेली वायर काढून तुळईवरच्या गोल ठोकळ्यातून नवी खाली सोडली. मी खाली उभी राहून एकेक वस्तू देत होते. आत्याबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. वायरीची टोकं सोलून झाली होती आणि एका हातात एक टोक, दुसऱ्या हातात दुसरं, असे हे वर उभे होते.

आमच्या लगतच्या बिऱ्हाडात निजामाच्या मुलखातलं, बीडकडचं एक जोडपं राहायचं. तोही ह्यांच्याच कारखान्यात होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, तो एकटाच. त्या दिवशी बाहेरून आला, बंद खोलीत अंधार, काडेपेटी सापडेना. बटण दाबून दिवा लागला नाही म्हणून तो पडवीत आला, त्यानं मेन खाली पाहिला, आणि कुणीही करील तेच केलं. दांडी वर केली.

मला इतकंच आठवतं की ह्यांच्या तोंडून शब्द नव्हे, एक हुंकारासारखा आवाज निघाला आणि ते खोक्यावरून मागं फेकले गेले. चुलीच्या ओट्यावर त्यांचा उजवा हात आदळला. मी त्यांच्याकडं धावले. आत्याबाई ओरडल्या ती हाक सगळ्या रांगेनं ऐकली. त्या शेजाऱ्यानंही ऐकली, आणि त्याला काय झालं ते तिथंच कळलं असावं, कारण मेन परत खाली पडल्याचा खटका मला ऐकू आला. मग तो आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, मला काय ठाव? दांडी खाली दिसली म्हणून वर केली."

ह्यांना शुद्ध होती. तोंड पांढरं पडलं होतं, दोन्ही हातांच्या बोटांवर भाजल्याच्या खुणा होत्या, आणि उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. आत्याबाई दाराकडं वळून म्हणाल्या, "जा तू हितनं." तो गेला. पण स्टेशनाकडून टांगा त्यानंच आणला, हे मला पुढं कळलं.

पुण्याच्या दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, विजेचा धक्का निभावला, पडलात त्यानं हात गेला. आणि पडलात हे बरंच झालं, वायर मुठीत राहिली असती तर बोलायला इथं आला नसतात. आत्याबाईंना चाकणकडचा हाडवैद्य हवा होता. प्लास्टर बघून त्या म्हणाल्या, "चुन्यात हात पुरलाय माझ्या लेकाचा."

घरी आलो तरी स्वयंपाकघरात त्या दोन उघड्या वायरी तशाच लोंबत होत्या. मेन खालीच होता. तो वर करायची कुणाची छाती होईना, आणि आत्याबाई तर पडवीच्या त्या टोकाला कुणी नुसतं गेलं तरी हटकत. आमच्यामुळं सगळी रांग कंदिलावर आली. कुणी सुचवलं की वायरींना पट्टी गुंडाळा, बटण बंद ठेवा आणि मेन लावा. हे म्हणाले, "बटणावर माझा भरवसा नाही. इथं वायरी घालणाऱ्या गड्यानं बटण कुठल्या वायरीत घातलंय कुणास ठाऊक, ते बंद असूनही खाली वीज उतरायची." मालकाकडं निरोप दिला. त्यांचं राहतं घर अंगणापलीकडं होतं आणि त्याचं मीटर वेगळं होतं, त्यामुळं त्यांच्याकडं दिवे चालू होते. ते म्हणाले, पुण्याचा वायरमन सांगितलाय, येईल. तो आज येतो, उद्या येतो असं चाललं होतं.

त्या दिवसांत हे फार चिडचिडे झाले. खाटेवर पडून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पगार बुडतोय त्यापेक्षा हात नीट होईल की नाही याची धास्ती होती. शेजारी दारावरून गेला की हे भिंतीकडं तोंड करत. मी एकदा म्हटलं, "त्याला तरी काय माहीत होतं?" तर म्हणाले, "विचारायला तोंड नव्हतं त्याला?"

तो मात्र रोज पहाटे आमच्या दोन घागरी विहिरीवरून भरून दाराशी ठेवायचा. सांगायचा नाही, थांबायचा नाही. पाणी भरायचं काम आधी ह्यांचं होतं. पहिल्या सकाळी आत्याबाईंनी दोन्ही घागरी उचलल्या आणि मागच्या अळवाला ओतून दिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विहिरीवर जाऊन आमचं पाणी आणायची. अळू मात्र त्या दिवसांत रानासारखं माजलं.

शेवटी मीच म्हटलं, "मला सांगा कसं करायचं ते. मी करते."

मला वाटलं, हे रागावतील. पण त्यांनी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तुम्ही सांगा."

"दिवसाउजेडी करायचं, दुपारी," ते म्हणाले. "आणि आधी मी सांगतो तेवढंच."

आत्याबाईंचा विरोध होईल असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "मी तिथं बसते. त्या पेटीपाशी. कोन येतंय बघू."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही कामाला लागलो. ह्यांनी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घ्यायला लावली, तिथून त्यांना आतलं दिसायचं. मला ह्यांच्या कारखान्याच्या रबरी चपला घालायला लावल्या, त्या मला मोठ्या होत्या, म्हणून सुतळीनं बांधल्या. हातातल्या काचेच्या बांगड्या तशाच राहू दिल्या, पण पाटल्या आणि अंगठी काढायला सांगितली. ओलं काही जवळ नको म्हणून मी ओट्याखालचा हंडा बाहेर नेऊन ठेवला.

"आता तपासायला दिवा पाहिजे," हे म्हणाले. "एका होल्डरात बल्ब, त्याला वायरीची दोन टोकं. वायरी मेल्यात का जित्या, ते तो सांगेल. पण आधी तो स्वतः पेटतो का ते बघितलं पाहिजे. गेलेला बल्ब असला तर तो पेटणारच नाही, आणि आपण म्हणू वीज नाही."

तसा दिवा आम्ही सकाळीच जुळवून ठेवला होता. टोकांना दोन पिनांचा प्लग लावून तो मालकाच्या घरी पेटवून बघायचा आणि इथं आणून प्लग काढायचा. मी तो घेऊन पडवीत आले तर शेजारी अंगणात उभा होता. त्याची दुसरी पाळी होती. सगळ्या रांगेला माहीत होतं आज आम्ही काय करणार ते.

"द्या, मी बघून आणतो," तो म्हणाला.

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या मेनखाली पाट मांडून बसल्या होत्या. त्या नाही म्हणाल्या नाहीत. मी दिवा त्याच्या हातात दिला. तो जाऊन आला आणि म्हणाला, "लख्ख पेटला."

आतून ह्यांचा आवाज आला. "आता पहिलं काम. पेटीचं झाकण उघड. दांडी खालीच आहे ना ते बघ. आत चिनीमातीचे दोन फ्यूज आहेत, पांढरे. मुठीनं धरून सरळ ओढून काढ, दोन्ही."

मी ओढले. ते हातात आले, पांढरे, जड.

"आईच्या हातात दे. आता कुणी दांडी वर केली, खाली केली, नाचवली, तरी काही होणार नाही." मग ते पूर्वीपेक्षा मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं बोलले. "हे मी त्या दिवशी केलं नाही. आमच्या खात्यातला वायरमन फ्यूज काढून खिशात घातल्याशिवाय शिडीवर चढत नाही. मी रोज बघतो. आणि कुणाला सांगितलंही नाही मी, की काम चाललंय. सांगायला पाहिजे होतं."

आत्याबाईंनी फ्यूज पदरात बांधून कमरेला खोचले. शेजारी खाली बघत होता. मग त्यानं विचारलं, "आजी, खोकं हललं तर वैनी पडतील. मी धरू का?"

आत्याबाईंनी त्याला खालीवर न्याहाळलं. "धर. पन चपला घालून ये. आन् भिताडाला हात लावू नगंस."

तो आत आला. ह्यांनी ह्या खेपेला भिंतीकडं तोंड केलं नाही. दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली एवढंच.

मी खोक्यावर चढले. तपासायच्या दिव्याची टोकं मी लोंबत्या वायरींना लावली. दिवा पेटला नाही. "आता खालचं बटण दाबून बघा रे," हे म्हणाले. शेजाऱ्यानं एका हातानं खोकं धरून दुसऱ्या हातानं बटण खाली केलं, वर केलं. तरीही पेटला नाही. मग कुठं मी वायरीला बोट लावलं. काही झालं नाही. आजही सांगते, ते बोट लावायला मला जितका धीर लागला तितका पुढच्या सगळ्या कामाला मिळून लागला नाही.

काम तसं विणकामासारखंच. होल्डरची टोपी आधी वायरीत ओवायची, मग टोपीच्या आत मावेल अशी वायरीला गाठ मारायची, म्हणजे दिव्याचा भार गाठीवर राहतो, स्क्रूवर येत नाही. सोललेल्या बारीक तारा पिळून एकजीव करायच्या, एकही तार बाहेर फुटता कामा नये, कारण तीच शेजारच्या वायरीला टेकते. पिळलेलं टोक दुमडून भोकात घालायचं आणि डिसमिसनं स्क्रू आवळायचा. आवळला की हलकेच ओढून बघायचं. मी दोन्ही टोकं सुरेख बसवली, ओढून बघितली, आणि मग लक्षात आलं की टोपी ओवायची राहिलीच. ती शेजाऱ्याच्या हातात होती.

"सगळेच विसरतात," हे खाटेवरून म्हणाले. पडल्यापासून पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात हसू ऐकू आलं. मी पुन्हा सगळं सोडलं, टोपी ओवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

होल्डर झाल्यावर खालचा प्लग. तो जमिनीलगत असल्यामुळं मी मांडी घालून बसले. तडकलेलं तोंड काढलं तर आत एका वायरीचा स्क्रू अर्धा सुटलेला आणि भोवती काजळी. चरचर होत होती ती ह्या सैल स्क्रूची. जळलेलं टोक कापून नवं सोललं आणि नव्या प्लगात आवळून बसवलं. इथं वायर जाड होती. "इस्त्री इथंच लावायची," हे म्हणाले. "दिव्याच्या होल्डरवर आता कधी नाही."

सगळं मिटल्यावर मी पडवीत जाऊन सांगितलं, "आत्याबाई, झालं."

त्यांनी लगेच गाठ सोडली नाही. "कोन कोन कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हे खाटेवर, शेजारी अंगणात, आत कुणी नाही. स्वतः उठून त्या आत बघून आल्या आणि मग फ्यूज माझ्या हातात दिले. मी ते जागेवर दाबून बसवले, झाकण लावलं, आणि दांडी वर केली. दिवा भर दुपारी लागला. रांगेतल्या बायका आमच्या दारात जमून त्या दिव्याकडं बघत उभ्या राहिल्या, जणू पूर्वी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या घागरी अळवाला गेल्या नाहीत. आत्याबाईंनी त्यातलंच पाणी चहाला घेतलं आणि शेजाऱ्यालाही हाक मारली. "ये रं, घोटभर घे." तो उंबऱ्याच्या आत येऊन बसला. त्यांना त्याच्या गावाकडच्या ज्वारीबद्दल विचारायचं होतं, तिकडं कणसं किती मोठी येतात वगैरे. तेच बोलत बसले दोघं.

ह्यांचं मनगट प्लास्टर काढल्यावर सरळ दिसलं, पण पूर्वीसारखं वळलं नाही. कारखान्यात त्यांना दुसऱ्या खात्यात, कमी वजनाच्या कामावर घेतलं. आधी त्यांना ते कमीपणाचं वाटलं, मग सवय झाली. मालकाकडं मात्र चारही बिऱ्हाडांनी मिळून जाऊन सांगितलं की प्रत्येकाला वेगळा मेन पाहिजे. ते हो म्हणाले आणि पुष्कळ दिवसांनी का होईना, त्यांनी ते करून दिलं.

शेजाऱ्याची बायको मुलगा घेऊन परत आली. तो रांगायला लागला तेव्हा ती एकदा माझ्याकडं आली. त्यांच्या घरचाही प्लग आमच्यासारखाच जमिनीलगत होता, आणि पोर सारखं त्याच्या भोकांत बोट घालायला धावायचं. "वैनी, वर सरकवता येईल का हो तो?" मी म्हटलं, येईल, पण भिंत फोडायला गडी लागेल. मग एका रविवारी तिचा नवरा आणि हे दोघं मिळून बसले. भिंत त्यानं फोडली, वायर ह्यांनी डाव्या हातानं ओढली, आणि वर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला, प्लग मी बसवला. खाली उरलेलं भोक त्यानं सिमेंट कालवून भरलं. ते काही सारखं झालं नाही, भिंतीतून फुगून बाहेर आलं. त्याची बायको म्हणाली, राहू द्या, पोराला धरून उभं राहायला होईल.